बखर, अस्सल कागद आणि सी भाषा

मराठी वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे छापली आणि विस्तृत प्रस्तावनेत बखरींची झडती घेतली. तेव्हापासून आपल्याकडे इतिहासाच्या अभ्यासाला एक शिस्त लागली. बखर खोटीच असते असे नाही. ती लिहिणाऱ्याने आपल्या जागेवरून जे पाहिले, ऐकले, ते सांगते. अडचण तेव्हा होते, जेव्हा एका जागेवरून दिसलेले सगळ्या मुलखाचे सत्य म्हणून पुढच्या पिढ्या घोकू लागतात.

हाच फरक मला एका वेगळ्या दफ्तराला लावून पाहायचा आहे. ते दफ्तर आहे संगणकाच्या 'सी' या भाषेचे. नव्वदच्या दशकापासून महाराष्ट्रातल्या लाखो मुलामुलींनी ही भाषा शिकली, तिच्या जोरावर नोकऱ्या मिळवल्या. ती आपल्याकडे कशी आली, तिचे बारकावे कोणत्या वाटेने शिकवले गेले आणि त्या वाटेवर काय निसटले, हा इतिहास मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही.

जंत्रीतून सीकडे

मी तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्यात राहतो. सरकारदरबारी आमचा तालुका आता राजगड तालुका झाला आहे, पण बोलण्यात अजून वेल्हेच येते. मावळातली मोडी कागदपत्रे वाचणे हा माझा छंद. संगणकाचे औपचारिक शिक्षण मी घेतलेले नाही. सी शिकलो तो कागदांवरच्या तारखांसाठी.

शिवकालीन कागदावर बहुधा शुहूर सन असतो आणि तोही अरबी शब्दांत. 'खमस सबैन व अलफ' म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, म्हणजे १०७५. एकक आधी, मग दशक, शेवटी हजार. हा क्रम कागदावर कुठेही सांगितलेला नसतो, तो वाचणाऱ्याला ठाऊक असावा लागतो. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १६७४ येते. पण शुहूर वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्याने जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात. हे सगळे वारंवार हाताने करण्यापेक्षा संगणकाकडून करून घ्यावे, म्हणून मी त्या भाषेच्या वाटेला गेलो.

अशा कामात खगोलशास्त्रज्ञांची एक युक्ती उपयोगी पडते. एका ठरलेल्या प्राचीन दिवसापासून प्रत्येक दिवसाला ओळीने क्रमांक द्यायचा, म्हणजे दोन तारखांमधले अंतर साध्या वजाबाकीने मिळते. ६ जून १६७४, राज्याभिषेकाचा दिवस, या मोजणीत २३,३२,६४३ वा येतो. या संख्येला सातने भागले की बाकी पाच उरते आणि बाकी शून्य म्हणजे सोमवार धरला की वार शनिवार निघतो. हिशेब जमला.

आता हाच आकडा त्या काळी क्लासमध्ये शिकवल्या जाणाऱ्या सीच्या साध्या पूर्णांकाच्या खणात, म्हणजे 'इंट'मध्ये ठेवून पाहा. पडद्यावर येते उणे २६,६५३. संगणक बिघडलेला नसतो. तो खण दोन बाइटांचा असतो आणि त्यात उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ एवढेच मावते. 'इंट म्हणजे दोन बाइट' हे वाक्य महाराष्ट्रातल्या एका पिढीने पाढ्यासारखे पाठ केले आहे. पण भाषेच्या अस्सल कागदात हे वाक्य नाही. तिथे एवढेच आहे की इंट निदान अमुक एवढा मोठा असावा. पुढचे ज्याने-त्याने ठरवावे आणि ठरवलेले लिहून ठेवावे.

अस्सल कागद कोणता?

सी ही डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडवलेली भाषा. १९७३ साली युनिक्स या कार्यप्रणालीचा गाभा तिच्यात नव्याने लिहिला गेला आणि तिचे भाग्य उजळले. ती कंपाइल होणारी भाषा आहे. माणसाने लिहिलेला मजकूर कंपायलर नावाचा दुभाषी आधी पूर्ण वाचतो, त्याचे यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतर करतो आणि बाजूला होतो. नंतर यंत्र चालते ते त्या रूपांतरावर. मूळ मजकुरात काय अभिप्रेत होते हे विचारायला तेव्हा तिथे कोणी नसते. म्हणून दुभाष्याने मजकुराचा कोणता अर्थ घ्यावा, याचा करार पक्का असावा लागतो.

१९७८ साली ब्रायन कर्निघन आणि रिची यांचे पुस्तक आले आणि दहा वर्षे तेच करार म्हणून वापरले गेले. १९८३ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने समिती नेमली. तिने १९८९ अखेर अधिकृत मानक मंजूर केले आणि १९९० मध्ये ते आंतरराष्ट्रीय झाले. भाषेचा अस्सल कागद म्हणायचा तो हा. पुढे १९९९ आणि २०११ साली त्याच्या मोठ्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

महाराष्ट्राला संगणक तेव्हा नवा नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा देशी बनावटीचा संगणक १९६० साली चालू झाला होता. १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले आणि फोरट्रान या कंपाइल होणाऱ्या भाषेत शास्त्रज्ञ काम करू लागले. पण ती प्रयोगशाळांची दुनिया. १९८४ च्या संगणक धोरणानंतर आयात सैल झाली, पीसी स्वस्त होत गेले आणि गावोगावच्या क्लासपर्यंत पोचले. त्यांच्याबरोबर आली सी.

ती इंग्रजी पुस्तकांतून आली, पण तिला घराघरांत नेले ते नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी. 'लेट अस सी' हे त्यांचे पुस्तक नव्वदच्या दशकापासून देशभर खपत आले आहे. वीजेटीआय आणि आयआयटी कानपूर इथे शिकलेल्या या लेखकाची हातोटी म्हणजे छोटी उदाहरणे, सोपे इंग्रजी आणि थट्टेचा सूर. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पॉइंटर म्हणजे काय, हे त्या पुस्तकाने धीर देऊन सांगितले. पुढच्या आवृत्त्यांत विंडोज आणि लिनक्सवरच्या सीसाठी प्रकरणेही आली. बदललेल्या यंत्रांची दखल पुस्तकाने घेतली. क्लास आणि प्रश्नपत्रिका मात्र जागच्या हलल्या नाहीत.

निळ्या पडद्याची बखर

त्या क्लासांमध्ये एकच कंपायलर होता, बोरलँड कंपनीचा 'टर्बो सी'. पहिली आवृत्ती १९८७ ची. तो डॉसवर, अगदी थोड्या स्मृतीत चालायचा. लिहिणे, कंपाइल करणे आणि चालवणे एकाच निळ्या पडद्यावर. नव्या शिकणाऱ्याला याहून सोयीचे साधन त्या काळी नव्हते, हे मान्य केले पाहिजे. पण तो सोळा बिटांच्या प्रोसेसरसाठी बनला होता आणि अस्सल मानक मंजूर होण्याआधी जन्मला होता. पुढे चौसष्ट बिटांच्या विंडोजवर तो चालेनासा झाला, तेव्हा अनेक ठिकाणी अभ्यासक्रम बदलण्याऐवजी जुन्या डॉसची नक्कल करणारे सॉफ्टवेअर बसवून तोच चालू ठेवला गेला.

या एका यंत्रावर जे दिसले, ते भाषेचे नियम म्हणून वहीत उतरले. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सांगतो. 'आय' या चलाची किंमत ५ आहे. 'आय++' म्हणजे आयची आत्ताची किंमत वापरा आणि मग ती एकाने वाढवा. प्रिंटएफ या छापण्याच्या आज्ञेत आय++ तीनदा लिहिले, तर काय छापले जाईल?

टर्बो सी ७ ६ ५ छापतो. याचे कारण यंत्राच्या पोटात आहे. किती गोष्टी छापायच्या हे आधी ठाऊक नसल्याने प्रिंटएफला पहिली गोष्ट चळतीच्या माथ्यावर हवी असते. म्हणून टर्बो सी शेवटची गोष्ट आधी चळतीत टाकतो आणि टाकता टाकता तिची किंमतही काढतो. क्लासने यातून नियम काढला की सी उजवीकडून डावीकडे मोजते. प्रश्नपत्रिकांनी तो उचलला, नोकरीच्या मुलाखतींनीही उचलला.

आज सहज मिळणारा क्लँग हा कंपायलर तोच मजकूर घेऊन ५ ६ ७ छापतो. कोण बरोबर? अस्सल कागद उघडला तर उत्तर मिळते की दोन्ही नाहीत, कारण प्रश्नच अवैध आहे. मानक सांगते की मोजणीच्या दोन ठरलेल्या टप्प्यांच्या मध्ये एका चलाची किंमत एकदाच बदलता येते. ती तीनदा बदलली, तर त्या मजकुराला अर्थच उरत नाही आणि कंपायलरने काहीही केले तरी करार मोडत नाही. हे शोधायला महागडे मानक विकत घ्यायचीही गरज नव्हती. कर्निघन आणि रिची यांच्या पुस्तकात दुसऱ्याच प्रकरणाच्या शेवटी, प्रिंटएफचेच तशा जातीचे उदाहरण देऊन ते चूक असल्याचे सांगितलेले आहे. त्या पुस्तकाची स्वस्त भारतीय आवृत्ती दुकानांत मिळत होती.

आमच्या भागातली एक मुलगी पुण्याच्या एका महाविद्यालयात शिकत होती. तोंडी परीक्षेत तिला हाच प्रश्न आला. तिने 'हे सांगता येत नाही, असे लिहिणेच चूक आहे' असे उत्तर दिले आणि त्या प्रश्नाला तिला शून्य गुण मिळाले. शेजारच्या मुलाने ७ ६ ५ सांगितले, त्याला पूर्ण मिळाले. अस्सल कागद वाचणाऱ्याला नापास करणारी ही व्यवस्था होती. गुण दोन-चारच, पण त्यातून वर्गातल्या पन्नास जणांनी जो धडा घेतला तो मोठा आहे. पडद्यावर उमटले ते खरे, पुढे विचारू नये, हा तो धडा.

मौनाचे तीन प्रकार

जुन्या कागदांवर काम करणाऱ्याला ठाऊक असते की कागद जिथे गप्प असतो, तिथे त्याच्या गप्प राहण्याचा प्रकार ओळखावा लागतो. सीचे मानकही तीन प्रकारे गप्प राहते आणि भाषेचे बारकावे शिकणे म्हणजे बहुतांशी हे तीन प्रकार वेगळे ओळखणे.

पहिला प्रकार स्थानिक वहिवाटीचा. पायली किंवा शेर किती वजनाचा, हे प्रांताप्रांतांत बदलत असे, पण त्या प्रांतात ते ठरलेले असे. इंट किती बाइटांचा, हे असेच आहे. प्रत्येक कंपायलरने ते ठरवायचे आणि लिहून द्यायचे. दुसरा प्रकार मोकळिकीचा. दोन वेगळ्या फलनांच्या किमती काढायच्या असतील, तर कोणती आधी काढायची हे कंपायलर ठरवतो. त्याने ते कुणाला कळवायचे बंधन नाही, पण दोन्ही किमती नीट निघतील याची हमी आहे. तिसरा प्रकार अर्थशून्यतेचा. आय++ तीनदा लिहिणे त्यात बसते. ३२,७६७ मध्ये एक मिळवणेही, दोन बाइटांच्या खणात, त्यातच बसते. क्लासमध्ये त्यासाठी वर्तुळ काढून दाखवत की घड्याळासारखी किंमत फिरून उणे ३२,७६८ वर येते. टर्बो सीवर ती येते, हे खरे. मानक मात्र तसे वचन देत नाही.

समितीने ही जागा मोकळी का सोडली? एक तर त्या काळी यंत्रे नाना तऱ्हेची होती आणि एकाच वागणुकीची सक्ती केली असती तर काही यंत्रांवर भाषा मंद झाली असती. दुसरे, दुभाष्याला हुशारी करायला वाव हवा होता. या दुसऱ्या कारणाची गोष्ट सांगायला पवईला जावे लागते.

पवईची परंपरा

आयआयटी मुंबईत धनंजय धामधेरे यांनी कंपायलर हा विषय अनेक वर्षे शिकवला. त्यांची पाठ्यपुस्तके देशभरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत. त्यांचे संशोधन मात्र क्लासच्या वहीपर्यंत कधी पोचले नाही. ते होते कंपायलरने वाया जाणारी मोजणी कशी टाळावी, यावर.

आमच्या राजगडाच्या उदाहरणाने सांगतो. गडावर जायच्या दोन सरावाच्या वाटा आहेत, गुंजवण्यातून चोर दरवाजाने आणि पालीतून पाली दरवाजाने. समजा गुंजवण्याच्या वाटेवर प्रत्येकाचे ओझे तोलले जाते, पालीच्या वाटेवर नाही आणि पद्मावती माचीवर पुन्हा सगळ्यांचे तोलतात. मग गुंजवण्याकडून आलेल्याचे ओझे उगाच दोनदा तोलले जाते. माचीवरचा काटा नुसता काढून टाकता येत नाही, कारण पालीकडून आलेले तसेच सुटतील. उपाय असा की काटा पालीच्या वाटेवर न्यावा आणि मग माचीवरचा उचलावा. प्रत्येकाचे एकदाच तोलले जाते. कंपायलर मजकुरातल्या वाटांवर हेच करतो. ही युक्ती मोरेल आणि रेनव्हॉज या फ्रेंच संशोधकांनी १९७९ मध्ये मांडली. धामधेरे यांनी ती व्यवहारात सुटसुटीत केली आणि १९९१ साली त्यांचा त्यावरचा निबंध या क्षेत्रातल्या अग्रगण्य नियतकालिकात आला.

यात एक अडचण अशी की काटा कुठे न्यावा हे ठरवायला माहिती पुढूनही यावी लागते आणि मागूनही. अशा दुतर्फा वाहणाऱ्या माहितीचा सर्वसाधारण सिद्धांत उदय खेडकर आणि धामधेरे यांनी १९९३-९४ मध्ये मांडला. खेडकर काही वर्षे पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात शिकवत होते, पुढे आयआयटी मुंबईत गेले. २००९ मध्ये त्यांचा अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह या विषयावरचा ग्रंथ आला. जीसीसी हा रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये सर्वांसाठी खुला केलेला कंपायलर. त्याची आतली रचना उलगडून दाखवणारे केंद्र खेडकरांनी आयआयटीत चालवले आणि देशभरच्या शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतल्या.

म्हणजे कंपायलर मजकुराकडे कसा पाहतो, याचे जागतिक दर्जाचे ज्ञान आपल्याच राज्यात तयार होत होते. त्याच वर्षांत, त्याच राज्यातल्या क्लासमध्ये सी उजवीकडून डावीकडे मोजते असे फळ्यावर लिहिले जात होते. दोन्ही प्रवाह समांतर वाहिले, पण एकत्र आले नाहीत.

बारकाव्यांची किंमत

हे सारे पंडिती वाद वाटू नयेत, म्हणून दोन घटना सांगतो. टर्बो सीच्या वर्गात नाव विचारून घ्यायला 'गेट्स' ही आज्ञा वापरत. ती खणात किती मावते हे न पाहता येईल तेवढे भरत जाते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला संगणकी किडा हजारो यंत्रांत शिरला, त्याच्या वाटांपैकी एक वाट याच आज्ञेने उघडी ठेवली होती. २०११ च्या मानकातून ती आज्ञा काढूनच टाकली गेली. आपल्याकडच्या प्रात्यक्षिकांच्या वह्यांत ती त्यानंतरही होती.

दुसरी घटना २००९ ची, लिनक्सच्या गाभ्यातली. एका ठिकाणी लिहिणाऱ्याने आधी पॉइंटरने दाखवलेल्या जागेतून वाचले होते आणि पुढच्या ओळीत तो पॉइंटर शून्य तर नाही ना, हे तपासले होते. जीसीसीने विचार केला की पॉइंटर शून्य असता तर आधीचे वाचन अर्थशून्य ठरले असते. अर्थशून्य मजकूर कोणी लिहीत नाही, हे करारातच गृहीत आहे, तेव्हा पॉइंटर शून्य नाहीच आणि तपासणीची ओळ फुकट आहे. त्याने ती गाळली. पवईच्या उदाहरणात काटा उचलला जातो, तसाच हा पहारेकरी उचलला गेला. त्या फटीतून साध्या वापरकर्त्याला यंत्राचा सर्वाधिकारी होता येत होते. कंपायलर करारानुसार वागला होता. पुढे लिनक्सवाल्यांनी अशी गाळणी बंद ठेवणारा पर्याय कायमचा चालू केला.

कराराची नवी भाषा

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी जाहीर केले की त्यांना दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या चुकीच्या हाताळणीतून येतात. या दुखण्यावर उपाय म्हणून रस्ट ही भाषा पुढे आली. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये ती वैयक्तिक प्रकल्प म्हणून सुरू केली, मोझिलाने तिला आधार दिला आणि १५ मे २०१५ रोजी तिची पहिली स्थिर आवृत्ती निघाली. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातही तिला जागा मिळाली.

मावळातले वतनाचे कागद वाचणाऱ्याला रस्टचा मुख्य विचार ओळखीचा वाटतो. स्मृतीतल्या प्रत्येक वस्तूचा एकच मालक. मालकी दुसऱ्याला दिली की पहिल्याचा हक्क संपला. वस्तू उसनी देता येते, पण बदल करण्यासाठी दिली तर एका वेळी एकालाच आणि तेवढा काळ दुसऱ्या कोणी ती पाहायचीही नाही. हे नियम तोंडी नसतात. मोडले तर कंपायलर मजकूर स्वीकारतच नाही. सीमध्ये जो तंटा कार्यक्रम चालू असताना, कधी वर्षांनी उभा राहतो, तो इथे कागद लिहितानाच मिटवावा लागतो. आणखी दोन गोष्टी नोंदवण्याजोग्या आहेत. रस्टमध्ये फलनाला दिलेल्या गोष्टी डावीकडून उजवीकडे मोजल्या जातात, हे ठरलेले आहे. आणि ++ हे चिन्ह त्या भाषेत ठेवलेलेच नाही.

पण रस्ट आली म्हणून सीचे प्रकरण मिटत नाही. बँकांच्या यंत्रांपासून मोटारींपर्यंत सीचा प्रचंड मजकूर रोज चालतो आहे आणि तो सांभाळणाऱ्यांत पुण्या-मुंबईची हजारो माणसे आहेत. त्यांच्यातले अनेक निळ्या पडद्यावर शिकलेले. आज मानकाचे मसुदे कोणालाही फुकट वाचायला मिळतात. जीसीसी आणि क्लँग दोन्ही फुकट आहेत आणि सूचना देण्याचा पर्याय चालू केला की आय++ च्या ओळीवर दोघेही बोट ठेवतात. भोर-वेल्ह्याच्या मुलाला त्यासाठी पवईला जावे लागत नाही.

राजवाड्यांच्या पिढीने इतिहासाच्या अभ्यासकाला एक प्रश्न विचारायची सवय लावली, 'याला आधार काय?' संगणकाच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न विचारायला एक तास पुरे आहे. एकच मजकूर दोन कंपायलरांवर चालवायचा, उत्तरे वेगळी आली की मानकाचे पान उघडायचे आणि तिथे काय लिहिले आहे ते विद्यार्थ्यानेच वर्गाला वाचून दाखवायचे. प्रश्नपत्रिकेत 'काय छापले जाईल' याच्या शेजारी 'हे कुठे ठरले आहे' एवढा एक उपप्रश्न घातला, तर पुढच्या पिढीला सांगता येत नाही असे उत्तर द्यायला भीती वाटणार नाही.